मोडलेला पाटा काय सांगतो : जुन्या पिकअपचे नवे सुटे भाग अकाली निकामी का होतात?

आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी शिक्षक झाले, कोणी परिचारिका, कोणी तलाठी. आणि बरेच जण चालक, मिस्त्री, भाजीपाल्याचे वा विटा-वाळूचे वाहतूकदार झाले. पहिल्यांविषयी स्मरणिकांतून पुष्कळ लिहिले जाते; दुसऱ्यांच्या रोजच्या कामाविषयी क्वचितच. माजी विद्यार्थी मेळाव्याला येतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात एक तक्रार मात्र वर्षानुवर्षे ऐकू येते : "सर, गाडीसोबत आलेले पाटे दहा-बारा वर्षे टिकले, नवे टाकले ते एका पावसाळ्यात गेले." ज्याचा संसार एका जुन्या पिकअपवर चालतो, त्याच्यासाठी ही तक्रार किरकोळ नाही. गाडी चार दिवस उभी राहिली तर भाडे बुडते आणि कर्जाचा हप्ता थकतो. आणि गाडी दुसऱ्याच्या मालकीची असेल तर तुटलेल्या भागाचे पैसे चालकाच्या पगारातून कापले जातात.

आम्ही इतिहासाचे शिक्षक, यंत्रशास्त्राचे नव्हे. तथापि कोणत्याही घटनेचे कारण शोधताना अस्सल साधन कोणते, ते काय सांगते आणि सांगोवांगी किती, हे पारखण्याची सवय आम्हांस विषयाने लावली आहे. मोडलेला सुटा भाग हे असेच एक अस्सल साधन आहे. तो वाचता आला, तर दोष कोणाचा हे बऱ्याच अंशी कळते आणि पुढचा खर्च टळतो. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

कोणता भाग कोणते काम करतो

मराठी परिभाषाकोशांत सस्पेन्शनला 'निलंबन' म्हणतात. परंतु शासकीय नोकरीतील मंडळी तो शब्द ऐकून दचकतील, म्हणून आपण सस्पेन्शन हाच रूढ शब्द वापरू. चाके आणि चासी यांना जोडणारी, भार पेलणारी व रस्त्याचा धक्का पचवणारी ही सगळी व्यवस्था आहे.

जुन्या पिकअपमध्ये मागील बाजूस पोलादी पाट्यांची चळत असते. सर्वांत लांब तो मुख्य पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना वळवून केलेले डोळे असतात. एक डोळा चासीला पिनेने जोडलेला असतो. दुसरा शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला. पाटा दबला की त्याची लांबी वाढते. ती वाढ सामावून घेण्याचे काम शॅकल करते. पाट्यांच्या मध्यभागी छिद्र असून त्यातून सेंटर बोल्ट जातो. तो पाट्यांना एकत्र धरतो आणि ॲक्सलची जागा निश्चित करतो. पाटे आणि ॲक्सल यांना घट्ट आवळून धरण्याचे खरे काम मात्र यू-बोल्टचे असते.

पुढील बाजूस बहुतेक गाड्यांत वरचा आणि खालचा असे दोन आर्म, त्यांच्या मुळाशी रबरी बुश आणि टोकाशी बॉल जॉइंट असतात. बॉल जॉइंट म्हणजे आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा गोल सांधा : चाक वर-खाली होऊ शकते आणि वळूही शकते. शॉकॲब्सॉर्बरविषयी, म्हणजे आपल्याकडील बोलीत 'शॉकअप'विषयी, मोठा गैरसमज आहे. तो गाडीचा भार पेलत नाही. भार पाटे पेलतात. शॉकॲब्सॉर्बर त्यांचे झुलणे थांबवतो. तो निकामी झाला की एका खड्ड्यानंतर एक-दोनदा हलून थांबणारा पाटा सात-आठ वेळा हलतो. गाडी धावते तेवढीच, पण पाट्याचे आयुष्य कित्येक पटींनी झिजते.

दुकानात मिळणारा माल

दुकानात चार प्रकारचा माल मिळतो. पहिला, गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या खोक्यातील. दुसरा, कंपनीला माल पुरवणारा कारखाना स्वतःच्या नावाने विकतो तो; याची प्रत पुष्कळदा पहिल्याइतकीच असते आणि किंमत कमी. तिसरा, अन्य कारखान्यांनी स्वतःच्या नावाने केलेला पर्यायी माल. यात उत्तम ते निकृष्ट अशा सर्व प्रती आढळतात. चौथा नकली, नाव आणि खोके नामांकिताचे, आतला माल भलत्याचाच.

'बाहेरचा माल म्हणजे वाईट' हे विधान म्हणूनच सरसकट खरे नाही. काही पर्यायी बॉल जॉइंटना ग्रीस भरण्यासाठी निपल दिलेले असते. मूळ भाग पुष्कळदा कायमचा बंद असतो. नियमित ग्रीस भरणाऱ्याला असा पर्यायी भाग अधिक लाभदायक ठरू शकतो. वाईट असतो तो निनावी माल आणि त्याहून वाईट खोट्या नावाचा. आपल्या देशात वेष्टित वस्तूंविषयीचे २०११ चे नियम आहेत; त्यांनुसार खोक्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असावी लागते. ज्या खोक्यावर यांपैकी काहीच नाही, त्याच्या टिकाऊपणाची हमी देणाराही कोणी नाही.

माल कच्चा असतो म्हणजे काय

दिसायला दोन पाटे सारखेच असतात. फरक आत असतो. पाट्याचे पोलाद विशिष्ट जातीचे असावे लागते. ते लालबुंद तापवून तेलात विझवतात. त्याने ते कठीण पण ठिसूळ होते. मग ठरावीक मध्यम उष्णतेवर पुन्हा तापवून त्यात लवचीकपणा आणतात. ही दुसरी पायरी नीट झाली नाही, तर पाटा एकतर काही महिन्यांत बसतो किंवा अचानक मोडतो. चांगले कारखाने शेवटी पाट्याच्या पृष्ठभागावर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करतात. त्यामुळे वरचा थर दाबला जातो आणि तडा सहजासहजी सुरू होत नाही. स्वस्त मालात हाच खर्च वाचवलेला असण्याची शक्यता अधिक.

बसलेल्या पाट्यांना भट्टीत तापवून पुन्हा बाक देणारे कारागीर अनेक गावांत आहेत. त्यांच्या हाताचे कौशल्य वादातीत आहे. परंतु भट्टीतून काढलेला पाटा नुसता हवेत थंड केला, तर मूळची उष्णताप्रक्रिया पुसली जाते. बाक दिसतो, बळ राहत नाही. असा पाटा थोड्याच दिवसांत पुन्हा बसला, तर नवल ते काय?

बुशमध्ये बाहेर एक लोखंडी नळी, आत एक लोखंडी नळी आणि दोहोंमध्ये चिकटवलेले रबर असते. रबरात भर घालण्याचे पदार्थ अधिक मिसळले, किंवा रबर आणि लोखंड यांची चिकटवण कच्ची राहिली, की रबर नळीपासून सुटते. बॉल जॉइंटमध्ये गोळ्याचा पृष्ठभाग कठीण व गुळगुळीत हवा, आतील बैठक चिवट हवी आणि वरची रबरी टोपी चांगल्या प्रतीची हवी. ही टोपी दिसायला क्षुल्लक, पण सांध्याचे आयुष्य तिच्यावर अवलंबून असते. ती फाटली की पाणी आणि धूळ आत जाते, ग्रीसमध्ये कालवली जाते आणि पॉलिश पेपरसारखी लोखंड घासत राहते.

बसवताना राहणारे दोष

चांगला भाग वाईट रीतीने बसवला, तर तोही वाईट भागाइतक्याच लवकर जातो. नवा भाग गेला की आपण दुकानदाराकडे धाव घेतो. पण कारण अनेकदा गॅरेजमध्ये घडलेले असते.

पहिला दोष बुशचा. गाडी जॅकवर उचललेली असताना चाके खाली लोंबतात. त्याच स्थितीत बुशचा बोल्ट अखेरचा आवळला, तर आतली नळी तिथेच पकडली जाते. मग गाडी जमिनीवर आली की आर्म वर जातो आणि मधले रबर कायमचे पिळलेले राहते. गाडी उभी असतानाही ते पिळलेलेच असते. प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळते आणि काही महिन्यांत फाटते. उपाय फुकटचा आहे : बोल्ट आधी हलके लावावेत, गाडी चाकांवर उतरवावी, थोडी हलवून बसू द्यावी आणि मगच पूर्ण आवळावे. मिस्त्रीला गाडीखाली वाकावे लागते, एवढाच काय तो त्रास.

दुसरा दोष यू-बोल्टचा. एकदा पूर्ण ताणलेला यू-बोल्ट लांबतो. त्याचे आटे झिजतात. जुनेच यू-बोल्ट पुन्हा लावले, तर आवळल्यासारखे वाटतात, पण धरत नाहीत. नवे यू-बोल्टही आडव्या-तिरप्या क्रमाने सारखे आवळावे लागतात आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर, पाटे एकमेकांवर बसल्यावर, पुन्हा आवळावे लागतात. हे दुसरे आवळणे बहुतेक गाड्यांच्या नशिबी येत नाही.

तिसरा दोष बॉल जॉइंटचा. त्याचा निमुळता दांडा ज्या छिद्रात बसतो, ते स्वच्छ व कोरडे हवे. नट आवळल्यावर कॉटर पिनेचे छिद्र जुळत नसेल, तर नट आणखी थोडा पुढे न्यावा. छिद्र जुळवण्यासाठी तो सैल करू नये. हातोड्याचे घाव सांध्यावर बसले, तर नवा सांधा पहिल्याच दिवशी जायबंदी होतो.

चौथा दोष प्रेमापोटी होतो. काही चालक पाट्यांवर आणि बुशांवर जळके ऑइल वा डिझेल मारतात. पाट्यांचा आवाज त्याने तात्पुरता थांबतो. पण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडते. रबरी बुशला तेल आणि साधे ग्रीस, दोन्ही वर्ज्य समजावे. ज्या पिनांना निपल दिलेले आहे तिथे मात्र ग्रीस वेळेवर भरलेच पाहिजे.

जुन्या गाडीचे जुने आजार

नवा भाग एकटा काम करत नाही. तो जुन्या शेजाऱ्यांत जाऊन बसतो. चासीवरील पाट्याच्या आधाराचे छिद्र लंबगोल झाले असेल, तर नवी पिन आणि नवा बुश त्यात ठोकर खातच राहणार. शॅकल गंजून जाम झाले असेल, तर पाट्याला लांब व्हायला जागा मिळत नाही आणि सगळा ताण डोळ्यावर येतो. शॉकॲब्सॉर्बर मेलेला ठेवून फक्त पाटे बदलले, तर नवे पाटे जुन्यांच्याच वाटेने जातात. एका बाजूचेच पाटे बदलले की गाडी कलते आणि नव्या बाजूवर जास्त भार येतो. पुढील आर्मचे काम करून व्हील अलाइनमेंट केले नाही, तर टायर एका कडेने झिजतात.

यातच जादा पाट्याची प्रथा येते. जास्त माल भरता यावा म्हणून चळतीत एक-दोन पाटे वाढवले जातात. पाटे वाढले म्हणून ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर किंवा चासी यांची ताकद वाढत नाही. पूर्वी पाटा वाकून जो धक्का स्वतः सोसत असे, तो आता ताठ पाट्यांमधून थेट पुढे जातो. शिवाय गाडीची मागची उंची वाढते, जुन्या लांबीचा शॉकॲब्सॉर्बर पुरत नाही. तो ताणला जाऊन त्याचे डोळे तुटतात. मग लोक शॉकॲब्सॉर्बर बनवणाऱ्याला दोष देतात.

भार आणि रस्ता

गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रात रिकामे वजन आणि भारासह कमाल वजन असे दोन आकडे असतात. समजा ते अनुक्रमे १,७०० आणि २,९०० किलो आहेत. फरक १,२०० किलो. त्यातून चालक आणि सोबती यांचे १५० किलो वजा केले की मालासाठी १,०५० किलो उरतात. म्हणजे ५० किलोची २१ पोती. हंगामात त्याच गाडीत ३६ पोती दिसतात. हे १,८०० किलो झाले. मर्यादेपेक्षा ७५० किलो जास्त. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या सुधारणेनंतर कलम १९४ खाली जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. त्या दंडाखेरीज दुसराही एक दंड गाडी भरतच असते. भार दीडपट झाला म्हणजे पाट्याचे आयुष्य दीडपटीने घटते असे नाही. ते त्याहून फार अधिक वेगाने घटते.

आपल्याकडील काळ्या मातीचा स्वभावही ध्यानात घ्यावा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावरचा रस्ता म्हणून लाटांसारखा वर-खाली होतो. अशा रस्त्यावर मोठा खड्डा नसला तरी पाटे सतत हलत राहतात. पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरले की खोली दिसत नाही आणि गाळाचे पाणी सांध्यांत शिरते. रस्ता आपल्या हाती नाही, हे खरे. वेग आणि भार मात्र आपल्या हाती आहेत.

मोडलेल्या तुकड्याची साक्ष

इथे इतिहासाचा एक दाखला द्यावासा वाटतो. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे परतणाऱ्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा ॲक्सल धावताधावता मोडला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली; डब्यांची दारे बाहेरून बंद असल्यामुळे पन्नासांहून अधिक माणसे आतच मरण पावली. वरवर धडधाकट दिसणारे लोखंड नेहमीच्या भाराखाली कसे मोडले, हा प्रश्न त्यानंतर युरोपातील अभियंत्यांना स्वस्थ बसू देईना. सततच्या हादऱ्यांनी लोखंडाची जात बदलते आणि ते दाणेदार होते, असा त्या काळी समज होता. स्कॉटलंडच्या विल्यम रँकिन यांनी १८४३ मध्ये मोडलेल्या ॲक्सलांचा अभ्यास मांडला. तडा पृष्ठभागावरच्या एखाद्या कोपऱ्यापाशी सुरू होऊन हळूहळू आत सरकतो, असे त्यांनी दाखवले. पुढे प्रशियातील रेल्वे अभियंता आउगुस्ट व्योलर यांनी अनेक वर्षे प्रयोग केले आणि १८७० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका घावात न मोडणारे लोखंड त्याहून कमी भार पुन्हा पुन्हा सोसून मोडते, हे त्यांनी सिद्ध केले. यालाच आज धातूचा थकवा म्हणतात.

या थकव्याच्या खुणा कोणालाही डोळ्यांनी वाचता येतात. मोडलेला पाटा हातात घ्यावा आणि मोडलेली बाजू तिरप्या उजेडात धरावी. थकव्याने मोडला असेल, तर तिथे दोन भाग दिसतात. एक भाग गुळगुळीत, मंद, पुष्कळदा काळपट किंवा तांबूस गंजलेला. त्यावर ओहोटीनंतर वाळूत उमटतात तशा कमानदार रेषा असतात. त्या रेषा जिथून पसरलेल्या दिसतात तिथे तडा सुरू झालेला असतो. दुसरा भाग खडबडीत, ताजा, चमकदार. तो अखेरच्या क्षणी तुटलेला असतो. गुळगुळीत भाग मोठा असेल, तर पाटा अनेक दिवस आतून तुटत होता. शेवटच्या खड्ड्याने फक्त निरोप दिला. सगळाच पृष्ठभाग ताजा आणि दाणेदार असेल, तर एकाच वेळी प्रचंड भार आला किंवा पोलाद ठिसूळ होते, असे समजावे.

पाटा कुठे मोडला, हीदेखील साक्षच. मधल्या बोल्टच्या छिद्रातून मोडला असेल, तर यू-बोल्ट सैल असण्याची शक्यता सर्वांत अधिक. कारण यू-बोल्ट घट्ट असताना मधला भाग वाकतच नाही. यू-बोल्टच्या पकडीच्या अगदी बाहेर मोडला असेल, तर जादा भाराचा संशय घ्यावा. डोळ्याजवळ मोडला असेल, तर शॅकल, बुश आणि शॉकॲब्सॉर्बर तपासावेत.

आमच्या संस्थेच्या जुन्या पिकअपचेच उदाहरण घेऊ. वसतिगृहाचे धान्य, भाजी आणि गॅसच्या टाक्या तीच आणते. मे महिन्यात तिचे मागील पाटे आणि पुढील आर्मचे बुश बदलले; दिवाळीपूर्वी एका बाजूचा मुख्य पाटा मोडला आणि दोन बुश फाटले. गॅरेजवाला म्हणाला, माल हलका. दुकानदार म्हणाला, रस्ता वाईट. बैठकीत एक सूचना आली की गाडी बेफाम चालवली गेली, सबब अर्धा खर्च चालकाच्या पगारातून घ्यावा. आमचे चालकमामा एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी मोडलेला पाटा पोत्यात गुंडाळून ठेवलेला होता, तो आणून टेबलावर ठेवला.

पाटा मधल्या छिद्रातून मोडला होता. मोडलेल्या बाजूचा निम्म्याहून अधिक भाग गुळगुळीत आणि गंजलेला होता. सेंटर बोल्टला घासल्याची खूण होती. यू-बोल्टच्या आट्यांवर जुना गंज आणि त्यावर नव्या पान्याचे ओरखडे होते; म्हणजे जुनेच यू-बोल्ट पुन्हा वापरले होते आणि बिलात नवे लावल्याची नोंदही नव्हती. बुशांचे रबर एकाच दिशेने पिळून फाटले होते, हे लोंबत्या स्थितीत आवळल्याचे लक्षण. गाडी संस्थेला जुनी मिळाली तेव्हापासून तिच्यात एक जादा पाटा होता. तोही या निमित्ताने मोजला गेला. त्या टेबलावरच्या वस्तूंपैकी एकही चालकमामांविरुद्ध साक्ष देत नव्हती. सूचना मागे घेतली गेली. यू-बोल्ट नवे आले, जादा पाटा निघाला आणि मामांचा पगार पूर्ण मिळाला.

आता काय करावे

पैसा थोडा असताना सगळेच भाग उंची घेता येत नाहीत, हे आम्ही जाणतो. म्हणून क्रम लावावा. जो भाग तुटला तर चाक निखळते किंवा गाडी वळत नाही, त्यात काटकसर करू नये : बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, यू-बोल्ट, मुख्य पाटा, शॅकल पिन. खालचा बॉल जॉइंट निसटला की चाक आडवे पडते आणि स्टिअरिंगचा ताबा जातो. त्या क्षणी शेजारून कोण जात असेल, हे कोणाच्याच हाती नसते. काटकसर करायचीच, तर ती जो भाग गेल्यावर केवळ आवाज येतो अशा ठिकाणी करावी.

हिशेब वर्षाचा करावा, खोक्याचा नव्हे. समजा ६०० रुपयांचा भाग चार महिन्यांत जातो आणि प्रत्येक वेळी मजुरी ५०० रुपये लागते, तर वर्षाचे ३,३०० रुपये झाले. १,४०० रुपयांचा भाग वर्षभर टिकला, तर मजुरीसह १,९०० रुपयांत काम भागते. उभ्या गाडीचे बुडालेले भाडे यात धरलेलेच नाही.

महिन्यातून एकदा गाडी सपाट जागी उभी करून बघावी. एका बाजूला कलते का? पाट्यांवर आडवी गंजाची रेघ दिसते का? ती तड्याची असू शकते. रबरी टोप्या फाटल्या आहेत का? टायर एका कडेने झिजतो का? ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते का? चाक उचलून वर-खाली हलवून पाहायचे असेल, तर दुसऱ्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. लोखंडी घोडी लावावी. मालवाहू पिकअपच्या हौद्यात माणसे, विशेषतः मुले, कधीही बसवू नयेत. तिचे सस्पेन्शन त्यासाठी नाही आणि कायद्याचीही तशी अनुमती नाही.

एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटरचा आकडा, भागाचे नाव, खोक्यावरील क्रमांक, दुकान, मिस्त्री आणि किंमत एवढी नोंद पुरे. पक्के बिल घ्यावे. त्यावर भागाचा क्रमांक लिहून घ्यावा. खोके आणि मोडलेला भाग जपून ठेवावा. भंगारात सत्तर रुपयांना दिलेला तुकडा हाच आपला एकमेव पुरावा असतो.

पुराव्याला कायद्याचेही बळ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. व्यावसायिक कारणासाठी वस्तू घेणारा त्यात ग्राहक मानला जात नाही. परंतु स्वयंरोजगारातून केवळ स्वतःची उपजीविका करण्यासाठी जो वस्तू घेतो, तो ग्राहकच मानला जातो. स्वतःची एकुलती पिकअप स्वतः चालवणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्याला म्हणूनच जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. सदोष वस्तूबद्दल आणि सदोष सेवेबद्दल, म्हणजे दुकानदार व गॅरेज या दोघांविरुद्धही तक्रार करता येते. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ती करावी लागते. दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवता येते.

ज्या माजी विद्यार्थ्यांची आज स्वतःची गॅरेजे आहेत, त्यांना एक विनंती. बुशचा बोल्ट गाडी खाली उतरवून आवळणे आणि यू-बोल्ट पुन्हा तपासायला गाडी आठवड्याने बोलावणे, या दोन गोष्टींना पैसा लागत नाही. त्या आपल्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांना पहिल्याच महिन्यात शिकवाव्यात. ज्यांच्याकडे चालक कामाला आहेत, त्यांना दुसरी विनंती : पगार कापण्यापूर्वी मोडलेला तुकडा मागवून घ्यावा आणि तो चालकाच्या समक्ष उजेडात धरून पाहावा. आणि जे चालक आहेत, त्यांनी तो तुकडा फेकू नये.